आभाराच्या ओळीतलं नाव

सिंगरौली, ९ ऑक्टोबर २०२५

दामिनीताई,
जय भीम.

फोनवर तू मले ब्लॉक केलं, म्हणून कागद घेतला. आठवी सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही, चुका असतीन. हसू आलं तं हस, तेवढं तरी होईन. पत्ता तुझ्या रूममेटने दिला, वेदिकाने. म्हणे, "दादा, मी तिच्या उशाशी ठेवून देते. वाचायचं का फाडायचं, ते तिचं ती पाहील."

आई सांगते का तू खापरखेड्याच्या घरून बॅग भरून नागपुरात महालातल्या खोलीवर निघून गेली अन् जाता-जाता बाबाले म्हणाली, प्रशिकचं नाव माझ्यासमोर काढू नका. काहून वं ताई? एका फ्लेक्सपायी?

आपल्या कॉलनीत कोणाचा फ्लेक्स लागत नाही, सांग. पोट्टा बारावीत तिसऱ्या खेपेले निघाला, त्याचा लागला. मागच्या साली एकाने बुलेट घेतली त्याचा लागला, बुलेट मोठी अन् तो बारका. अन् आपल्या घरची पोरगी स्पॅनिशची डॉक्टर होऊन राहिली, तिकडच्या आजच्या कादंबऱ्यांवर चारशे पानं लिहून बसली, तिचा लावायचा नाही? दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाणारी माणसं आपल्या चौकातून जातात. म्हणून फ्लेक्सवाल्या सुशीलच्या दुकानात फोन केला, म्हटलं त्याच्या आधी लाव. आमचं बोलणं पण सांगतो, लपवत नाही.

"नावाच्या आधी डॉक्टर लिहू का बे?"

"व्हायवा बाकी आहे अजून."

"मंग भावी डॉक्टर लिहितो. भावी नगरसेवक लिहितात तसं."

"भावी-गिवी नको. सरळ डॉक्टर लिही. महिन्याभराचा सवाल आहे."

खाली आभार तं लागतातच, नाहीतर लोक म्हणतात शिकली अन् फुगली. आई-बाबा टाकले. तुझ्या गाईड मेघा मॅडम टाकल्या. अन् ते पुण्याचे सर टाकले. तूच तं आईले फोनवर सांगत होती, मी पण लाइनवर होतो. प्रबंध तपासायले त्यांच्याकडे गेला होता, मॅडमचा फोन आला, सरांनी फार चांगलं लिहिलं. नाव पण तूच घेतलं होतं. ज्या माणसाने तुझी चारशे पानं वाचून तुले पास केलं, त्याले आभाराच्या ओळीत नाही घ्यायचं तं कोणाले घ्यायचं? सुशीलने नेटवरून त्यांचा फोटो काढला, गोल करून टाकला. चांगला दिसत होता, मोठ्या माणसावानी.

फ्लेक्सचं समजलं त्या दिवशी तू फोनवर एवढंच म्हणाली, "तू मला संपवलंस." घरात तू कधी असं पुस्तकातलं बोलत नाही. रागावली का आपलंच बोलते, भांडते, पोट्ट्या म्हणते. म्हणून मले भेव वाटून राहिलं.

फ्लेक्स उतरवला आहे. पण बिघडलं काय, ते मले कोणी सांगत नाही. आई रडते. बाबा माझा आवाज ऐकला का फोन आईच्या हातात देतात. इकडे प्लांटात बॉयलर बंद करून आतल्या नळ्या बदलणं चालू आहे, फोन गेटवर जमा असतो. सुटलो का पहिले तुलेच लावतो. लागत नाही.

प्रशिक


सिंगरौली, २० ऑक्टोबर

ताई,

आता समजलं. वेदिकाले मी इतके फोन केले का तिने वैतागून शेवटी सांगतलं, लहान पोराले सांगतात तसं. प्रबंध कोणाकडे तपासायले गेला, हे लिहिणाऱ्याले माहीत पडू द्यायचं नसते, व्हायवाची नोटीस निघेपर्यंत. आधीच माहीत पडलं तं सेटिंग केली अशी शंका येते. आपल्या फ्लेक्सचा फोटो कोणीतरी मोबाइलवर घेतला, फिरत-फिरत तो तुझ्या विद्यापीठात पोहोचला, अन् त्यांनी पाहिलं का नोटीसचा पत्ता नाही अन् परीक्षक खापरखेड्याच्या चौकात लटकून राहिले. व्हायवा थांबवली, कमिटी बसवली. कमिटीचा प्रश्न एकच, नाव कोणी सांगतलं. अन् तू तोंड उघडून नाही राहिली.

वेदिका म्हणे, "पहिल्या बैठकीत तिने पाणी पण घेतलं नाही, दादा. मला उत्तर द्यायचं नाही, एवढंच म्हणून बाहेर आली."

जानेवारीत नागपूरच्या त्या कॉलेजात स्पॅनिशची पक्की जागा निघून राहिली, अख्ख्या शहरात तेवढी एक. त्या जागेची वाट पाहत तू इतकी वर्षं तासिकेवर शिकवून राहिली, आज या कॉलेजात, उद्या त्या क्लासमध्ये. डिग्री हातात नसली तं इंटरव्ह्यूले आत घेणार नाहीत. अन् चोवीस नोव्हेंबरले कमिटी शेवटची बसते. तेव्हा पण चूप राहिली तं प्रबंधच रद्द. हे सारं मले एका परक्या पोरीकडून ऐकावं लागलं.

मंग सांगून टाक नं. मेघा मॅडमने सांगतलं, हे तुले माहीत, मले माहीत, आईले माहीत. मॅडमची नोकरी पक्की आहे. त्यांना दोन गोष्टी ऐकाव्या लागतीन, अजून काय होईन? तुझं तं सारंच जाईन.

आई साऱ्यांना सांगत फिरते का प्रशिकने बहिणीच्या शिक्षणापायी शाळा सोडली. खोटं आहे, तुले माहीत आहे. मले बाकावर बसवत नव्हतं. मी पळालो अन् तू बसली, एवढीच गोष्ट आहे. माझा तुझ्यावर काही उपकार नाही. म्हणून हक्काने सांगून राहिलो असं नको समजू. भीक मागून राहिलो.

तुले आठवते का, जेवणाच्या सुट्टीत मी फोन करायचो, म्हणायचो, एक सांग वं. तू तुझ्या प्रबंधातली एखादी कादंबरी सांगायची. तिकडे स्पेनात त्यांच्यातल्या त्यांच्यातच लढाई झाली, माणसं मारून रस्त्याच्या कडेले पुरली, घरच्यांनी साठ-सत्तर वर्षं ब्र काढला नाही, अन् आता नातवंडं फावडी घेऊन निघाली. आजचे लेखक त्याच्यावरच लिहून राहिले. मी मंग तेच आमच्या कामाच्या गँगमध्ये सांगायचो. एक जण म्हणे, "तिकडे पण असं असते का बे? आम्हाले वाटे तिथे नुसता फुटबॉल."

आता सुट्टीत विचारतात, आज स्पेनची काय खबर. मी म्हणतो, ताईचे पेपर चालू आहेत.

प्रशिक


कोरबा, ५ नोव्हेंबर

ताई,

आता मी कोरब्याले आलो. सिंगरौलीचं झालं. मधात ठेकेदाराने सुट्टी दिली होती. इथला गेट पास अजून निघाला नाही, कागद पोलिसांकडे तपासायले गेले आहेत. ते ठीक आहे म्हणतीन, मंगच आत घेतीन.

आता रागवशीन ते सांगतो. सुट्टीत मी मेघा मॅडमकडे गेलो होतो. तुझ्या विद्यापीठात, त्यांच्या खोलीत. दारावर पाटी वाचली अन् परत फिरत होतो, तेवढ्यात त्यांनीच वर पाहिलं.

"कोण हवंय?"

"मी दामिनीचा भाऊ."

"बॉयलरवाला?" म्हणाल्या. म्हणजे तू माझं सांगत होती त्यांना.

बसायले सांगतलं, चहा मागवला. सगळीकडे पुस्तकं, खिडकीत पण पुस्तकं. मले वाटलं होतं का एकदम कडक बाई असन, मी ओरडीन, ती ओरडीन, मोकळं होईन. पण ती तं आपल्या शाळेतल्या बाईसारखी, साडीले खडू लागलेला. मी सरळ विचारलं, "मॅडम, ते नाव तुम्हीच सांगतलं होतं नं?"

त्या उठल्या, पहिले दार लावलं. मंग म्हणाल्या, "दामिनीने काय सांगितलंय?"

"काहीच नाही सांगतलं."

"मग तूही काही सांगू नकोस."

"अन् तिचं काय होईन?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मंग म्हणाल्या, "माझ्याकडे आणखी पाच मुलं आहेत. मी हो म्हटलं की त्यांचेही प्रबंध थांबतील, त्यांचेही परीक्षक बदलतील. त्यातली एक पोटुशी आहे, बाळंतपणाआधी सुटायची धडपड चाललीय तिची. आनंदात बोलून गेले रे. असं काम हातात आलं की माणसाला कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि मी नेमकं तिलाच सांगितलं."

"मंग हेच सांगा नं कमिटीले."

"मी तिला म्हटलं, सांगते. तर म्हणाली, तुम्ही सांगितलंत तर मी प्रबंध मागे घेईन."

ताई, मी भांडायले गेलो होतो, अन् ती बाई धड राग पण येऊ देत नाही. चहा तसाच ठेवून निघालो. दारापर्यंत आलो तं मागून विचारते, "जेवलास का तू?"

पाच जणांपायी एक जण मेला तं चालते, असं तू ठरवलं. तुले मी विचारतो, त्या एकाच्या घरी कोणी नाही काय? आई जेवण टाकून उठते. बाबा ड्युटीवरून आले का भिंतीकडे तोंड करून पडतात. तू त्या पाच जणांले पाहिलं आहे, आम्हाले पाहून नाही राहिली.

एक ओळ लिही. शिव्या दे. पण लिही.

प्रशिक


कोरबा, १६ नोव्हेंबर

ताई,

तुझी ओळ आली नाही. मंग मी काम करून टाकलं. आता तू फक्त ऐकायचं.

कमिटीले पत्र पाठवलं. इथे कोर्टाबाहेर टाइप करून देणारा आहे, त्याच्याकडून इंग्रजीत करून घेतलं, खाली माझी सही. त्यात असं आहे का मे महिन्यात मी बहिणीचं सामान आणायले आलो होतो. मॅडम खोलीत नव्हत्या. टेबलावर गोपनीय लिहिलेलं पाकीट होतं, मी ते फोडलं, आतल्या कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला. परीक्षकाचं नाव त्यातूनच मिळालं. बहिणीले यातलं काही माहीत नव्हतं, गाईडले पण नव्हतं. फ्लेक्स मीच लावला. काय शिक्षा द्यायची ती मले द्या.

टाइपवाला म्हणे, "भैया, पक्का भेजना है ना?" म्हटलं, तू टाइप कर.

पाहा आता. मॅडम सुटल्या, त्यांची पाच पोरं सुटली, ती पोटुशी बाई सुटली, तू सुटली. मले ते काय करतीन? मी त्यांचा विद्यार्थी नाही, नोकर नाही. फार-फार तं विद्यापीठाच्या गेटात येऊ देणार नाहीत. नको येऊ देऊ. चोवीस तारखेले ते तुले विचारतीन, हे खरं आहे का. तू हो म्हण. तेही जड होत असन तं मान हलव.

तुले खोटं नको वाटते, माहीत आहे. पण चूप बसणं म्हणजे खरं बोलणं आहे काय? चारशे पानं तू चूप बसणाऱ्यांवर लिहिली. त्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून घरात काय-काय सडत गेलं, पोरायले अन् नातवायले काय भोगावं लागलं, ते तूच मले सांगत होती. अन् स्वतःवर आलं तं तू त्यांच्याच रांगेत जाऊन बसली. तिकडची नातवंडं तरी फावडं घेऊन आली. तुझ्याकडे मी आलो, अन् तू मले ब्लॉक केलं.

कडू लिहिलं असन तं माफ कर. पास निघाला नाही म्हणून कॅम्पातच असतो, बाकीचे कामाले जातात अन् मी दोरीवरचे त्यांचे कपडे सरकवत बसतो, ऊन सरकते तसे. एका जागी बसणं मले शाळेतच जमलं नव्हतं. आता तं डोक्यात तुझीच खोली फिरत राहते. तू दार लावून बसली आहे, अन् चोवीस तारीख येऊन राहिली.

फक्त मान हलव, ताई. मंग जन्मभर बोलू नको.

प्रशिक


कोरबा, ९ डिसेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाठ झाली आहे, तरी इथे उतरवतो, म्हणजे तुले समजीन का मी नीट वाचली.

"प्रशिक, मे महिन्यात तू सिंगरौलीत होतास. तुझं पत्र कमिटीने सगळ्यांसमोर वाचलं. गोपनीय पाकीट फोडलं म्हणून तुझ्यावर पोलीस केस करायचं ठरत होतं. केस झाली तर पुढे कुठल्याही प्लांटचा गेट पास तुला मिळणार नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून मी मॅडमचं नाव सांगितलं. मॅडम समोर बसल्या होत्या. आता लिहू नकोस."

बाकीचं वेदिकाने सांगतलं. मॅडमले तुझ्या गाईडपणातून काढलं, दोन वर्षं नवीन विद्यार्थी देणार नाहीत. त्यांच्या पाच पोरांचे प्रबंध नव्याने दुसऱ्यांकडे गेले. तुझा पण गेला. मार्चच्या आधी व्हायवा नाही, म्हणजे जानेवारीची ती जागा गेली. त्या पाच जणांतलं कोणी तुझ्याशी बोलत नाही. त्या पोटुशी बाईने तुले एक मेसेज पाठवला, तो वेदिकाने मले वाचून दाखवला नाही.

आई म्हणते, प्रबंध तं रद्द नाही झाला. मी हो म्हटलं.

माझ्या मनात एवढंच होतं का तू मान हलवशीन अन् सुटशीन. तुले मॅडम अन् मी, दोघांतून एक उचलावं लागीन, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. पास मिळाला परवा. पोलिसांनी काही नाही म्हणून लिहून दिलं. आत जातो, काम करतो. शिक्का मारलेलं ते कार्ड गळ्यात घालतो, गेटातून आत गेलो का शर्टात सारतो. सिंगरौलीचा ठेकेदार तं पुन्हा उभं करणार नाही म्हणे, काम अर्ध्यात टाकून निघालो होतो म्हणून. मॅडमकडे आलो ती सुट्टी नव्हती.

तू लिहू नको म्हणाली. नसतं लिहिलं. पण हा निरोप आहे, माझं काही नाही त्यात.

मॅडमले मी फोन केला होता. उचलतीन असं वाटलं नव्हतं.

"बोला, बॉयलरवाले."

"मॅडम, मी..."

"माफी मागायला केला असशील तर ठेव. ती वाचतेय का काही?"

म्हटलं, वेदिका सांगते का साऱ्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून पलंगाखाली सरकवला.

मंग म्हणाल्या, "नवे परीक्षक कोण ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुमच्या घराण्याला सांगितलं नसतं." हसल्या का नाही, ते फोनवर समजलं नाही. मंग म्हणाल्या, "कागद घे. लिही."

मी कॅम्पच्या भिंतीले टेकून लिहिलं. ते असं:

चौथ्या प्रकरणात तिने लिहिलंय की ती बदामाच्या शेतातली आजी, जी शेताचा एक कोपरा कोणाला नांगरू देत नाही, ती भीतीपोटी गप्प राहिली. मी तिथे बरोबरची खूण केली. मी चुकले. कादंबरीची शेवटची वीस पानं तिला पुन्हा वाचायला सांग. नातू फावडं घेऊन येतो तेव्हा पुरल्याची जागा कोण दाखवतं? आजीच दाखवते. हाताने माती बाजूला करते. घाबरलेली बाई असं करेल का? तिला तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. जाणता परीक्षक नेमकं इथे बोट ठेवील. त्याने विचारायच्या आत तिने स्वतः सांगावं की इथे माझी चूक झाली होती, आणि मग पुढे बोलावं. म्हणजे ती त्यातून सुटेल.

त्यांनी मले ते परत म्हणून दाखवायले लावलं. एका ठिकाणी मी नांगरू देत नाहीच्या जागी पेरू देत नाही म्हटलं, तं थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून म्हणायले लावलं. मंग म्हणाल्या, "हे मी सांगितलं असं सांगू नकोस. माझं नाव ऐकलं की ती वाचणार नाही. तुला कुठेतरी सापडलं म्हण."

ताई, ते मी ऐकलं नाही. मले कुठे सापडलं म्हणू? तुझ्यापायी एक खोटं लिहून पाहिलं, आता दुसरं होत नाही. हे मॅडमचं आहे. तू त्यांच्या तोंडावर त्यांचं नाव घेतलं, त्याच्यानंतरचं आहे.

व्हायवाले मी येत नाही. आईले पण सांगतलं का कोणी जायचं नाही, कोणाले बोलायचं नाही. तुझ्या मार्चपर्यंत या घरातून तुले कोणाचा आवाज येणार नाही.

पलंगाखालचा गठ्ठा सोड. चौथं प्रकरण.

प्रशिक